काचा बंद, तरी धूर आत: नव्या कारवाल्यांसाठी मार्गदर्शक

काचा वर आहेत, एसी चालू आहे, आणि तरीही पुढच्या टेम्पोने रेस दिली की डिझेलचा भपकारा थेट नाकात येतो. नवी गाडी घेतलेल्या बहुतेकांना हे कोडं पडतं: सगळं बंद असताना धूर आला कुठून? काचा बंद केल्या म्हणजे गाडी बंद झाली, असं नसतं. एसीचा ब्लोअर बाहेरची हवा ओढतो ती बॉनेट आणि पुढची काच यांच्या मधल्या जाळीतून, वायपर असतात तिथून. पुढच्या वाहनाने सोडलेला धूर सगळ्यात आधी पोचतो तोही तिथेच. सिग्नलला तुम्ही एखाद्या डंपरच्या मागे चिकटून उभे राहिलात की तुमचा ब्लोअर त्याचा सायलेन्सर हुंगत बसलेला असतो.

या धुरात डोळ्यांना दिसणारी काजळी असते, पण खरा त्रास न दिसणाऱ्या गोष्टींचा. पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण. आपला केस साधारण पन्नास ते सत्तर मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज घ्या. शिवाय नायट्रोजन डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड आणि बेन्झीनसारखे वायू. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलच्या धुराला २०१२ मध्येच माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं आहे. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून फक्त बीएस ६ (कमी धूर सोडण्याच्या नव्या सरकारी मानकाच्या) गाड्या विकल्या जातात हे खरं, पण रस्त्यावर त्याआधीचे ट्रक, टेम्पो, डंपर अजून बक्कळ आहेत. तुमची गाडी इलेक्ट्रिक असली तरी सुटका नाही. तुम्ही धूर सोडत नाही एवढंच, पुढच्याचा ओढता तर तेवढाच.

बाजारात यावर विकायला पुष्कळ वस्तू आहेत. माझं मत विचाराल तर डॅशबोर्डवरचं एक बटण, कप्प्यामागचा एक फिल्टर आणि पुढच्या गाडीपासूनचं अंतर, या तीन गोष्टींनी बरंचसं काम होतं. आणि बहुतेक गाड्यांत बटण आणि फिल्टर सोबत आलेलेच असतात.

पहिली पायरी: बटण ओळखा आणि तपासा

एसीच्या बटणांत एका बटणावर गाडीचं चित्र असतं आणि गाडीच्या आतल्या आत वळलेला बाण. हे रिसर्क्युलेशन, म्हणजे आतलीच हवा फिरवत राहणं. दुसऱ्या चित्रात बाण बाहेरून गाडीत शिरताना दिसतो, ती बाहेरची हवा. काही गाड्यांत एकच बटण असतं आणि त्याचा दिवा लागला की आतली हवा. जुन्या किंवा बेस मॉडेलमध्ये बटणाऐवजी डावी-उजवीकडे सरकवायची खिट्टी असते.

बदल झाला की नाही हे कानांनी कळतं. पंखा मोठा ठेवा आणि बटण दाबा. आतल्या हवेवर गेल्यावर ब्लोअरचा आवाज चांगलाच वाढतो, कारण आता तो शेजारच्या सीटसमोरच्या कप्प्याखालून हवा ओढतो. आवाजात काहीच फरक पडला नाही तर बाहेरच्या आणि आतल्या हवेची वाट बदलणारी झडप अडकलेली असू शकते.

आणखी खात्री करायची असेल तर उदबत्तीची परीक्षा घ्या. गाडी मोकळ्या जागी उभी करा, इंजिन बंद, फक्त चावी ऑनवर, काचा बंद, पंखा दोनवर. बाहेर कुणाला तरी पेटलेली उदबत्ती काचेखालच्या जाळीजवळ धरायला सांगा. हातात धरायची, जाळीत खोचायची नाही. तिथे वाळका पाला असतो. बाहेरच्या हवेवर वास काही सेकंदांत आत येईल. मग दारं उघडून गाडी मोकळी करा आणि आतल्या हवेवर तेच करा. पुसटसा वास कालांतराने आला तर चालेल, कारण कुठलीच गाडी डब्यासारखी हवाबंद नसते. पण पहिल्यासारखाच भपकन आला, तर झडप नीट बसत नाही. सर्व्हिस सेंटरला हेच शब्द वापरून सांगा: "रिसर्क्युलेशनची झडप बसत नाहीये." नुसतं "वास येतो" म्हटलं की ते परफ्यूमची बाटली लावून देतात.

दोन गोष्टी अनेकांच्या लक्षात येत नाहीत. ऑटोमॅटिक क्लायमेट कंट्रोल असलेल्या काही गाड्या स्वतःच्या मनाने बाहेरच्या हवेवर जातात, काही गाड्या बंद करून चालू केल्या की पुन्हा तिथेच येतात. आणि पुढच्या काचेवरचं धुकं घालवायचं बटण दाबलं की बऱ्याच गाड्यांत आतली हवा आपोआप बंद होते. म्हणून दिवा लागलाय का, यावर अधूनमधून नजर हवी.

दुसरी पायरी: बाहेरची हवा कधी बंद, कधी उघडी

इथेच खरी मेख आहे. बटण सापडल्यावर लोक ते कायमचं दाबून ठेवतात, आणि तेही बरोबर नाही.

बंद गाडीत माणसं श्वास सोडत राहतात. मोकळ्या हवेत कार्बन डायऑक्साइड दहा लाखात साधारण ४२० भाग असतो. चार जण बसलेली गाडी आतल्या हवेवर रखडत चालली असेल, तर हा आकडा पंधरा-वीस मिनिटांत दोन हजारांच्या पार सहज जातो. त्याने कुणी लगेच आजारी पडत नाही, पण डोकं जड होतं, जांभया येतात, पेंग येते. मागच्या सीटवर पोरं मान टाकून झोपली की आपण म्हणतो दमली बिचारी. कधी कधी ती हवाच तशी असते. आणि चालवणाऱ्याला पेंग येणं हे धुरापेक्षा जास्त धोक्याचं.

त्यामुळे बटण रस्त्याप्रमाणे बदलायचं. पुण्यातलाच एक रोजचा रस्ता घेऊ: नवले पुलाकडून बायपासने हिंजवडी. नवले पुलापाशी कात्रजच्या नव्या बोगद्याकडून उतरणारे ट्रक आणि शहरातली वाहनं एकत्र येतात, तेव्हा तिथे पोचण्याआधीच आतली हवा. वारज्यातून चांदणी चौकापर्यंत चढ आहे; भरलेले ट्रक खालच्या गियरमध्ये कण्हत चढतात आणि सगळ्यात काळा धूर तिथे निघतो. म्हणजे अजूनही बंदच. चांदणी चौक ओलांडला, पाषाणच्या बाजूला रस्ता मोकळा मिळाला आणि पुढे शंभर-दीडशे फुटांत ट्रक नाही असं दिसलं, की दोन-तीन मिनिटं बाहेरची हवा. बाणेर, बालेवाडी गाठेपर्यंत जमेल तसं. वाकडच्या उतारावर रांग लागली की पुन्हा बंद. तुमचा रस्ता वेगळा असेल, पण कुठल्याही रोजच्या रस्त्यावर धुराच्या तीन-चार जागा ठरलेल्या असतात. त्या एकदा हेरल्या की आठवड्याभरात हात आपोआप बटणाकडे जातो.

एकटे असाल तर वीस-पंचवीस मिनिटं सलग बंद ठेवायला हरकत नाही. तिघं-चौघं असतील तर दर दहा-पंधरा मिनिटांनी मिनिट-दोन मिनिटं बाहेरची हवा घ्या. महामार्गावर वाहतूक पातळ असेल तर उलटं करा: बाहेरची हवा नेहमीची, आणि ट्रकच्या मागे अडकलात तर तेवढ्यापुरतं बंद.

बटण वास यायच्या *आधी* दाबायचं. वास आल्यावर दाबलं तर आत आलेला धूर तुम्ही आतच कोंडता. बोगद्याला हे विशेष लागू. मुंबईच्या कोस्टल रोडचा बोगदा सुमारे दोन किलोमीटरचा आहे, समृद्धीवरचा इगतपुरीजवळचा जवळपास आठ. तोंड दिसायला लागलं की बंद, बाहेर पडून थोडं पुढे गेलं की उघडं. चुकून धूर कोंडलाच, तर मोकळ्या रस्त्यावर पुढची एक आणि मागची विरुद्ध बाजूची एक अशा दोन काचा अर्धा मिनिट खाली घ्या. तिरका वारा गाडी झाडून काढतो.

एसी चालू आणि एक काच बोटभर खाली, ही आपल्याकडची फार लाडकी सवय. गुदमरत नाही म्हणतात. रहदारीत त्या फटीतून धूर फिल्टरला वळसा घालून आत येतो. फट ठेवण्यापेक्षा बाहेरच्या हवेचं बटण बरं, ती हवा निदान फिल्टरमधून तरी जाते.

पावसाळ्यात आतल्या हवेवर काचा धुकटतात. एसीचा कॉम्प्रेसर चालू असला तर तो दमटपणा ओढून घेतो आणि बराच वेळ निभतं. तरी काच धुकटायला लागली तर धुराचा विचार सोडा आणि बाहेरची हवा घ्या. समोरचं दिसणं आधी.

तिसरी पायरी: अंतर

धूर सायलेन्सरच्या तोंडाशी सगळ्यात दाट असतो आणि काही मीटरांत झपाट्याने विरतो. म्हणून सिग्नलला थांबताना पुढच्या गाडीचे मागचे टायर रस्त्याला टेकलेले दिसतील एवढी जागा सोडा. पुण्या-मुंबईत त्या जागेत दोन दुचाक्या घुसणार, हे गृहीत धरा, घुसू देत. पुढे जुना टेम्पो किंवा काँक्रीट मिक्सर असेल तर याच्या दुप्पट सोडा, मागून हॉर्न वाजला तरी.

आपल्याकडच्या अवजड गाड्यांचं एक वैशिष्ट्य म्हणजे त्यांच्या सायलेन्सरचं तोंड बऱ्याचदा उजवीकडे असतं. डावीकडे पादचारी आणि बसथांबे म्हणून ते सोयीचं, पण उजवीकडून ओव्हरटेक करणाऱ्याच्या बरोब्बर तोंडावर. ट्रकला समांतर राहून हळूहळू पुढे सरकणं हा सगळ्यात वाईट प्रकार. एक तर मागे लांब राहा, नाही तर जागा मोकळी मिळाल्यावर एका दमात पुढे निघा. घाटात दोन्ही शक्य नसेल तर चहाची टपरी बघून दहा मिनिटं थांबा. ट्रक पुढे जातो आणि चहाही होतो.

वेळेचं सांगायचं तर हिवाळ्यातल्या सकाळी वाईट. थंड हवा जमिनीलगत साचून राहते, वारा नसतो, धूर वर जात नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 'समीर' ॲपवर जवळच्या केंद्राचा हवा निर्देशांक दिसतो. २०० च्या वर आकडा म्हणजे 'खराब' वर्ग. अशा दिवशी 'बाहेरची मोकळी हवा'सुद्धा फारशी मोकळी नसते, तेव्हा आतल्या हवेवर राहण्याची वेळ थोडी वाढवा आणि शक्य असेल तर तासभर उशिरा निघा.

चौथी पायरी: फिल्टर

याला केबिन फिल्टर म्हणतात, गॅरेजवाले एसी फिल्टर म्हणतात. इंजिनचा एअर फिल्टर वेगळा. दुकानात मागताना गोंधळ होतो, म्हणून गाडीचं मॉडेल आणि साल सांगून "आतला, एसीचा" असं स्पष्ट म्हणा. काही स्वस्त मॉडेलमध्ये कंपनी तो देतच नाही, नुसती जागा असते. तुमच्या गाडीत आहे का, हे आधी बघा.

बहुतेक गाड्यांत तो शेजारच्या सीटसमोरच्या कप्प्यामागे असतो. कप्पा रिकामा करा (आरसी, पीयूसी, सुपारीची पुडी, जे काही असेल ते). कप्प्याच्या दोन्ही भिंती हातांनी आत दाबल्या की तो अडकणीतून सुटून पूर्ण खाली येतो. काही गाड्यांत एका बाजूला छोटी दोरी किंवा दांडी असते, ती आधी काढावी लागते. ओढाताण करू नका, प्लास्टिक तडकतं. मागे एक आडवं अरुंद झाकण दिसेल. दोन्ही टोकांच्या खिट्ट्या दाबल्या की झाकण हातात येतं आणि त्यामागे घड्या घातलेला फिल्टर.

काढताना आडवाच ओढा, नाही तर वरचा कचरा ब्लोअरमध्ये पडतो. पहिल्यांदा काढणाऱ्याला धक्का बसतो: गुलमोहराची पानं, माशा, केस, आणि मूळचा पांढरा कागद पाटीसारखा करडा. फिल्टरच्या कडेवर बाण छापलेला असतो, हवेची दिशा दाखवणारा. जुना कसा बसला होता त्याचा मोबाइलवर फोटो काढा आणि नवा तसाच बसवा. पाच-दहा मिनिटांचं काम आहे. स्क्रू ड्रायव्हरही बहुधा लागत नाही.

नवा घेताना दोन प्रकार मिळतील. साधा कागदी किंवा कापडी फिल्टर धूळ आणि परागकण अडवतो, बारीक कण काही प्रमाणात. दुसऱ्यात कोळशाचा थर असतो, तो करड्या-काळ्या रंगावरून ओळखू येतो. वास, बेन्झीनसारखी रसायनं आणि काही प्रमाणात नायट्रोजन डायऑक्साइड तो शोषतो. शहरात रोज गाडी काढणाऱ्याने कोळशाचाच घ्यावा. पैसे थोडे जास्त जातात, पण वासातला फरक पहिल्याच दिवशी कळतो. कार्बन मोनॉक्साइड मात्र दोन्हींतून जसाच्या तसा पार जातो. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

कंपनीच्या पुस्तिकेत बदलायची मुदत दिलेली असते, पण ती आपल्या रस्त्यांवरची धूळ बघून ठरवलेली नसते. दर सहा महिन्यांनी काढून बघा आणि वर्षातून एकदा तरी बदला. घराजवळ बांधकाम किंवा मेट्रोचं काम चालू असेल तर त्याहून लवकर. गॅरेजमध्ये "साहेब, हवा मारून देतो, नवा कशाला" असं हमखास म्हणतील. मारू देऊ नका. जोराच्या हवेने तंतू फाकतात, पाण्याने धुतलं तर बारीक कण पकडणारा विद्युतभार जातो. वरून स्वच्छ दिसतो, कामाला मात्र अर्धाच राहतो.

आणखी एक फायदा. बहुतेक गाड्यांत हवेच्या वाटेत फिल्टर झडपेनंतर येतो, त्यामुळे आतली हवा फिरवतानाही ती परत परत त्यातून गाळली जाते. म्हणून आतल्या हवेवर पंखा एकवर न ठेवता दोन-तीनवर ठेवा. काही मिनिटांत कण बरेच कमी होतात.

पाचवी पायरी: स्वतःच्याच गाडीचा धूर

वरचं सगळं आळसाने टाळलं तर नुकसान हळूहळू होतं. हा भाग टाळला तर जीव जाऊ शकतो.

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. तुमच्या गाडीचा सायलेन्सर मध्येच सडला असेल, इंजिनपाशी जोडाचं गॅस्केट गेलं असेल, तर तो खालून आत शिरतो. त्या वेळी आतल्या हवेचं बटण उपयोगी तर नाहीच, उलट घातक.

म्हणून सर्व्हिसिंगला गाडी लिफ्टवर चढली की खाली जाऊन स्वतः बघा. सायलेन्सरच्या जोडांवर काजळीचे काळे फराटे दिसले तर तिथे गळती आहे. गाडी नेहमीपेक्षा फटफट वाजायला लागली, विशेषतः थंड असताना, तर तेही लक्षण. मग दारांची आणि डिकीची रबरं: कागदाची पट्टी दारात धरून दार लावा आणि ओढा. अलगद सुटून आली तर तिथे रबर बसत नाही. बाहेरून म्युझिक सिस्टिम किंवा जादा दिवे बसवले असतील तर वायर इंजिनकडून आत येण्यासाठी भोक पाडलेलं असतं. त्यात रबराचं बूच आहे का बघा. सीएनजी किट बसवलेल्या गाडीत डिकीतली भोकंही तपासून घ्या, पण गॅस बाहेर सोडणारी व्हेंटची नळी चुकूनही बंद करू नका. हे काम किटवाल्याकडूनच.

डिकी उघडी ठेवून सामान नेणं, दोरीने झाकण बांधून, हे आपल्याकडे सर्रास चालतं. चालत्या गाडीच्या मागे हवेचा भोवरा तयार होतो आणि सायलेन्सरचा धूर उघड्या डिकीतून पुढे ओढला जातो. कपाट न्यायचं तर छोटा टेम्पो बोलवा. अगदीच अडलं तर पुढच्या काचा खाली, बाहेरची हवा, पंखा पूर्ण, आणि अंतर थोडंच.

बंद गॅरेजमध्ये किंवा सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून बसू नका. एसी लावून गाडीत झोपणं तर कुठेच नको.

गाडीत बसल्यावर डोकं दुखतं, मळमळतं, आणि उतरून थोडा वेळ मोकळ्या हवेत गेलं की बरं वाटतं. आणि हे एकाला नाही, सगळ्यांनाच होतं. असं असेल तर त्याला पित्त समजू नका. काचा खाली, गाडी बाजूला, इंजिन बंद, सगळे बाहेर. कुणी गुंगीत असेल तर १०८ ला फोन. त्यानंतर गळती सापडेपर्यंत गाडी चालवायची नाही. पीयूसी पास आहे म्हणून निर्धास्त राहू नका. त्या तपासणीत सायलेन्सरच्या टोकाचा धूर मोजतात, आत काय गळतं ते नाही.

विकत घ्यायच्या वस्तू

थोडक्यात. बारा व्होल्टवर चालणारा प्युरिफायर घ्यायचाच असेल तर हेपा (अगदी बारीक कण अडवणाऱ्या) फिल्टरवाला घ्या, आणि कोळशाचा फिल्टर बदलल्यानंतरच घ्या. ओझोन सोडणारी यंत्रं नकोत, ओझोन फुफ्फुसाला त्रासदायकच. परफ्यूमने धूर जात नाही, फक्त तो आलाय हे कळायचं बंद होतं. पैसे खर्च करायचेच असतील तर जुन्या गाडीवाल्याने बॅटरीवरचा कार्बन मोनॉक्साइड अलार्म घ्यावा.

गाडी आपली नसेल तेव्हा

कॅबमध्ये बटण ड्रायव्हरच्या हाती. "दादा, जरा आतल्या हवेवर करता का? धूर येतोय" एवढं म्हटलं की बहुतेक जण करतात. कुणी कुरकुर केलीच तर सांगा की थंड झालेलीच हवा फिरते, कॉम्प्रेसरवर ताण कमी आणि गॅसही कमी जळतो. हे खरं आहे आणि दादांना पटतंही.

रिक्षात काहीच बंद होत नाही. तिथे एन-९५ मास्क, नाकावर आणि गालांवर घट्ट बसलेला. तो कण अडवतो, वायू नाही. बाळ सोबत असेल आणि रस्ता ट्रकांचा असेल तर कॅबच बघा. लहान मुलं वजनाच्या मानाने आपल्यापेक्षा जास्त हवा आत घेतात.

आणि शाळा सुटायच्या वेळी फाटकाबाहेर थांबलात तर इंजिन बंद करा. तिथे गाड्यांची रांग एकीच्या मागे एक लागलेली असते, प्रत्येकीची जाळी पुढचीच्या सायलेन्सरसमोर, आणि पोरं त्या दोन गाड्यांच्या मधूनच येतात.